टेबलावरच्या आरशाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तळहाताहून जरा मोठा, चौकोनी, एका कोपऱ्यात पारा उडालेला. माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी पक्का जळकुकडा आहे.

जन्मापासूनच असावा. एका मोठ्या चौकटीसाठी आरसा कापला, तेव्हा कडेची पट्टी उरली. त्या पट्टीतून आरसेवाल्याने मला काढले. मोठा तुकडा नक्षीच्या चौकटीत बसून दुकानाच्या दर्शनी भागात गेला. लोक त्याच्यासमोर थांबून केस सारखे करू लागले. मी मागच्या फळीवर, रद्दीच्या कागदात. तिथेच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखले.

पुढे एका मुलीने मला विकत घेतले. कार्टून मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी तिने मला पिशवीत टाकले, तेव्हा तिची आई म्हणाली, "ऑफिसात आरसा कशाला गं? नटायला?"

"नटायला नाही आई, वेडावायला!"

आणि तिने मला खरोखर त्याच कामाला लावले. मित्रांनो, पडद्यावर तुम्हाला घाबरट पोलीस किंवा खादाड बोका दिसतो ना, त्याचे नाक केवढे, पोट केवढे, तो चालतो कसा, हे आधी कुणीतरी बसून ठरवलेले असते. ते काम हिचे. माझ्याकडे बघून ती गाल फुगवायची, भुवया चढवायची, जीभ काढायची आणि मग पेन्सिल उचलायची. एकच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरे. हसताना, रडताना, शिंकताना. शेवटी ते चित्र ती काळ्या रंगाने भरून टाकायची. नुसत्या काळ्या आकारावरून पात्र ओळखू आले तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. वर्षे गेली, कंपनीत नवी माणसे आली आणि ती सगळ्यांची ताई झाली.

यातला प्रत्येक चेहरा आधी माझ्यात आला होता, बरे का. कौतुक मात्र कागदाचे! कागद भिंतीवर टाचण्यांनी मिरवायचे. पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून वाहवा करायचे. माझ्यापुढे कोणी आलेच तर दातात अडकलेले काहीतरी काढायला.

तरी ते दिवस बरे होते. खरा जळफळाट झाला तो धाकटी आल्यावर. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. तिने ताईच्या समोरचे टेबल घेतले, त्यावर एक छोटे स्टँड ठेवले आणि स्टँडवर फोन उभा केला. ती फोनपुढे तोंडे वेडीवाकडी करायची. फोन ती तोंडे टिपून घ्यायचा, मग पुन्हा दाखवायचा. सावकाश दाखवायचा, उलट्या क्रमाने दाखवायचा! सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचे. त्या फोनला काय भाव चढला होता म्हणून सांगू! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हळूहळू ताईनेही स्वतःचा फोन काढला. मी टेबलाच्या कडेला सरकलो. एक दिवस तिने माझ्या तोंडावर पिवळी चिकट चिठ्ठी लावली, मग दुसरी, मग तिसरी. माझे नुसते फळकूट झाले. आरशाचा याहून मोठा अपमान तुम्हीच सांगा.

अशात एक नवी मालिका आली. गाढवांचे एक कुटुंब, त्यात एक शिंगरू जन्माला येते आणि त्याची मोठी बहीण त्याच्यावर जळते. शिंगरू हे मुख्य पात्र. ते आजवर ताईकडेच गेले असते, पण गेले धाकटीकडे. ताईच्या वाट्याला मोठी बहीण आली. तीही जमेना. ताईने डोळे बारीक केले, दातओठ खाल्ले, नाक मुरडले. सगळे फोनपुढे. दिग्दर्शकांनी चित्रे पाहून मान हलवली.

"ही तर खाऊ की गिळू करतेय. मुलं हिला घाबरतील. मला जळणारी पाहिजे, पण मुलांना आपली वाटणारी."

"पुन्हा करते, सर."

"शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर असं करू, हीसुद्धा धाकटीला देऊ. तुमच्यावर उगाच ताण नको."

ताण नको! ताईचा चेहरा पांढरा पडला असणार. असणार म्हणतो, कारण मला चिठ्ठ्यांआडून दिसत नव्हते. फक्त तिचा आवाज ऐकू आला, "चालेल, सर." मित्रांनो, मी तडफडलो. जळणे म्हणजे काय हे त्या खोलीत माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? पण आरशाला स्वतःचे तोंड कुठे असते दाखवायला!

शुक्रवारी दुपारी समोरच्या टेबलापाशी एकच गलका झाला. धाकटीचे शिंगरू पूर्ण झाले होते. "काय गोड आहे!" "पाय बघा, पाय बघा कसे लटपटतायत!" ताईही उठून गेली. "छान झालंय गं, अगदी छान," म्हणाली आणि परत येऊन बसली. कामाला लागायचे म्हणून तिने माझ्यावरची एक चिठ्ठी ओढली. चिठ्ठीबरोबर शेजारचीही निघाली. आणि कित्येक दिवसांनी मला ताई दिसली.

ओठांवर तिकडचे हसू तसेच चिकटलेले होते. डोळ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मान मुद्दाम दुसरीकडे वळवलेली, पण बुबुळे राहून राहून त्या टेबलाकडे धावत होती. हनुवटी जराशी थरथरत होती. लहान मुलासारखी बिचारी दिसत होती ती.

तिचीही नजर माझ्यात गेली. तिने स्वतःला पाहिले आणि तिला इतकी लाज वाटली की हात पुढे करून ती मला उपडा घालायला निघाली. बोटे माझ्या कडेला लागली सुद्धा. मग थांबली.

"थांब, हलू नकोस," ती स्वतःच्याच तोंडाला म्हणाली.

उरलेली चिठ्ठी काढून तिने पेन्सिल उचलली. कागदावर गाढवाची मोठी बहीण उतरू लागली. हसू ओठांपुरतेच. तोंड शिंगराच्या पाळण्याकडून फिरवलेले. पण एक लांब कान मात्र मागे, पाळण्याकडे वळलेला, कारण तिकडे काय कौतुक चाललेय ते ऐकल्याशिवाय तिला राहवत नाही! संध्याकाळ व्हायच्या आत दिग्दर्शकांच्या हातात कागद होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले.

"अहो, हा तर आमचा थोरला! बाळ घरी आल्यापासून घरभर हेच तोंड घेऊन फिरतोय. आज गेल्या गेल्या उचलून घेतो त्याला."

पात्र ताईकडेच राहिले. पण गोष्ट तिथे संपली नाही. सगळे गेल्यावर धाकटी आपली खुर्ची ओढत ताईजवळ आली.

"ताई, हे कुठून सुचलं हो तुम्हाला? जळकं तोंड मीपण घरी करून बघितलं होतं. फोन समोर धरला की सगळं खोटंच होतं."

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ताई म्हणाली, "तुझ्यावरून सुचलं."

"माझं तोंड असं दिसतं?"

"तुझं नाही गं. तुझं शिंगरू बघून आले ना, तेव्हाचं माझं."

धाकटीला कुठे बघावे कळेना. ती माझ्याकडेच बघू लागली. मी लहान, त्यामुळे दोघींची अर्धी अर्धी तोंडेच माझ्यात मावली. मग हळूच म्हणाली, "पुन्हा करून दाखवाल? मला ती नजर नीट बघायचीय."

ताईने मान वळवली, ओठ ताणले, डोळे तिरके केले. पुन्हा केले. मग तिला हसूच फुटले.

"आता नाही होत गं," ती म्हणाली.

मित्रांनो, आरसा कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. ओल मागे झिरपली की आमचा पारा उडतो. त्याच्या तोंडावर काही चिकटवू नका. आणि कधी त्यात तुमचे असले तोंड दिसले, तर त्याला उपडा घालू नका. ज्याच्यामुळे ते तोंड झाले, त्याला जाऊन सांगून टाका. ताईचे तसेच गेले. माझे सांगायचे राहिले आहे. हल्ली धाकटीचा फोन माझ्या शेजारीच ठेवलेला असतो, पण मी त्याच्याशी बोलणार कसा? म्हणून हे सगळे तुम्हाला सांगितले. आता जरा बरे वाटते आहे.