शिक्षणाचा रकाना

"हा अर्ज तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आलाय," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी' लिहिलंय. असे अर्ज संगणक आपोआप बाजूला काढतो. दोनदा काढला. तिसऱ्यांदा तू हाताने छापून आणलास. का?"

"माणूस कामाचा आहे म्हणून."

"आहे कोण हा?"

"माझा थोरला भाऊ."

बाईंनी अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं. मग मीच घाईघाईने म्हणाले, "त्याची मुलाखत मी घेणार नाही. त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. तुम्ही घ्या. कमी पडला तर दहा मिनिटांत बाहेर काढा."

"भाऊ नसता तर आणला असतास?"

"आधीच आणला असता. भाऊ आहे म्हणूनच दोन वर्षं गप्प बसले."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुन्हा नाकावर आला. "मंगळवारी अकराला. आणि त्या दिवशी तू मान वर करून इकडे बघायचं नाही."

आमची कंपनी शहरांच्या बससेवांसाठी वेळापत्रकं करणारी प्रणाली बनवते. कोणती बस कुठल्या मार्गावर, कोणता चालक किती तास, कुठली गाडी कधी दुरुस्तीला, हे सगळं. दादाला यातलं काही नवीन नव्हतं. आमचे वडील बस डेपोतच मेकॅनिक होते. मी चौथीत आणि दादा अकरावीत असताना एके दिवशी जॅक निसटला आणि वडिलांचा उजवा हात कोपरापासून कामातून गेला. त्या आठवड्यात दादाने शाळेत जाणं बंद केलं. त्याला कुणी 'शाळा सोड' म्हणालं नाही. 'सोडू नको' असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या घरातलं ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

तो संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. पुढे ते दुकान त्यानेच चालवायला घेतलं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मध्ये दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी जागा. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांतले प्रोग्राम उघडून, वाचून, मोडून तो प्रोग्रामिंग शिकला. मलाही त्यानेच शिकवलं, त्याच काउंटरवर, शाळा सुटल्यावर. चुकलं तरी ओरडायचा नाही. "यंत्राला तू काय सांगितलंस ते वाच," म्हणायचा. "काय सांगायचं होतं ते नको वाचूस. ते त्याला कुठून कळणार?"

वडिलांच्या ओळखीने डेपोच्या फोरमनने त्याला एक काम दिलं होतं. साठ बस, खाली उतरून दुरुस्ती करायचे सहा खड्डे, आणि कुठली गाडी कुठल्या दिवशी दुरुस्तीला घ्यायची याचा रोजचा घोळ. दादा त्या प्रश्नामागे हात धुऊन लागला. शेवटी त्याला एक युक्ती सापडली. मोठा प्रश्न लहान लहान प्रश्नांत फोडायचा, प्रत्येक लहान प्रश्नाचं उत्तर एकदाच काढून लिहून ठेवायचं, आणि पुन्हा तोच प्रश्न आला की हिशेब न करता लिहिलेलं उत्तर उचलायचं. याला तो 'वहीची युक्ती' म्हणायचा. डेपोत ती पुढे कित्येक वर्षं चालली. फोरमन त्याला 'प्रोफेसर' म्हणायचा.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. एका तासाला सरांनी फळ्यावर जे मांडलं ते बघून मी बाकावर ताठ झाले. ती दादाची युक्ती होती. मी धावतच दुकानात गेले आणि काउंटरवर पुस्तक उघडून ठेवलं. "दादा, तुझ्या युक्तीला नाव आहे! जगभर शिकवतात!"

मला वाटलं होतं, तो खूश होईल. त्याने हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली आणि ती दोन पानं उभ्यानेच वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"पान एकशेबारा," तो म्हणाला.

"हो. का रे?"

"काही नाही. मला अकरा महिने लागले होते." तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "आणि माझ्याकडे यातलं निम्मंच आहे गं. ही युक्ती कुठे चालत नाही, तेही यात दिलंय. ते मला माहीतच नव्हतं."

त्या संध्याकाळी त्याने स्क्रूचे सगळे डबे काउंटरवर ओतले आणि मापाप्रमाणे पुन्हा लावत बसला. मी बाजूच्या स्टुलावर होते. मला पुस्तक मिटवावंसं वाटत होतं आणि मिटवताही येत नव्हतं.

मला पदवी मिळाली, नोकरी लागली. आई शेजारणींना सांगायची, "ही शिकली ना, त्यातच त्याचं शिक्षण आलं." दादा हे वर्षानुवर्षं ऐकून घ्यायचा. एकदा मात्र तो ताटावरून न उठता म्हणाला, "आई, एक जेवला म्हणून दुसऱ्याचं पोट भरत नाही." आईचा हात वाढता वाढता थांबला. त्याने लगेच विषय बदलला. पण आमच्या कंपनीत अर्ज करायला मी त्याच्यामागे लागले ती त्या दिवसापासून.

"नोकरीची हौस नाही मला," तो म्हणाला होता. "पण माझ्याकडे येणारे प्रश्न लहान झालेत. कुणाच्या संगणकाचा पडदा फुटतो, कुणी चहा सांडतो. तुमच्याकडे मोठे प्रश्न येतात ना?"

"येतात."

"मग करतो अर्ज. रकान्यात मात्र जे आहे तेच लिहीन."

मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाईंच्या खोलीला काचेची भिंत आहे. मी मान वर केली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिला तास तो लिहीत होता. दुसऱ्या तासाला बाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि तो बसला होता. मला धडकी भरली. दुपारी दोन वाजता दोघं बाहेर आले तेव्हा बाईंच्या हाताला खडू होता आणि दादाच्या हातात कागदांची चळत.

खोलीत काय झालं ते त्यानेच मला बसथांब्यावर सांगितलं. पहिले दोन प्रश्न त्याने सोडवले. दुसऱ्याचं उत्तर तर बाईंनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "समजा, तुमचा हा प्रोग्राम पन्नास बसना चार सेकंद घेतो. पाचशे बसना किती घेईल?"

"चाळीसपेक्षा जास्त. किती जास्त, ते चालवून बघून सांगतो."

"चालवू दिला नाही तर?"

"तर नाही सांगता येणार."

"येतं. तासाहून जास्त लागेल."

"कसं काय?" दादाने विचारलं. आपली परीक्षा चालू आहे हे तो विसरला असावा. त्यानंतरची चाळीस मिनिटं बाई शिकवत होत्या.

"आणि नोकरीचं काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"देतायत. सहायक म्हणून. काम इंजिनिअरचंच, पण पदवीशिवाय मुख्य कार्यालय तो हुद्दा देत नाही. त्यांनी भांडून बघितलं म्हणे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नाही म्हण! मी पाच वर्षं इंजिनिअर, आणि ज्याने मला शिकवलं तो सहायक? सरळ नाही म्हण!"

"आणि काय करू? रुसून दुकानात बसू?" त्याने कागद नीट घडी करून खिशात घातले. "रुसायला काय, कुणालाही जमतं. बाईंनी जे सांगितलं त्यातलं मला अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं गणितात आहे, आणि ते गणित मी जी शाळा सोडली तिच्यापुढचं आहे. मी बारावीला बसतोय, बाहेरून. नंतर पदवी. मुख्य कार्यालयासाठी नव्हे, मला पाहिजे म्हणून."

"दादा, तू चौतीस वर्षांचा आहेस."

"ठाऊक आहे. अर्जात तोही रकाना होता."

असा तो आमच्या मजल्यावर आला. इंजिनिअर लोकांची ओळखपत्रं निळी, सहायकांची करडी. करड्या पत्राने सर्व्हरच्या खोलीचं दार उघडायचं नाही. त्यामुळे आत चाललेला प्रोग्राम ज्याने दुरुस्त केला, तोच दाराशी उभा राहून कुणी निळं पत्र घेऊन येतंय का याची वाट बघायचा. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, जरा दार उघडता का?" मी रागाने त्याच्याकडे बघितलं. "अगं, ऑफिस आहे," तो हळूच म्हणाला. "उघड. आणि तोंड असं पाडू नको, लोकांना वाटेल मीच तुला छळतोय."

आमच्याकडे नव्याने आलेली पदवीधर मुलं जेवणाच्या सुट्टीत पुढच्या बेतांबद्दल बोलायची. तिसऱ्या वर्षी गटप्रमुख, पाचव्या वर्षी स्वतःची कंपनी. एक मुलगी म्हणाली, कॉलेजात शिकलेलं काहीच कामाला येत नाही, चार वर्षं फुकट गेली. दादा डबा पुसत होता. तो म्हणाला, "तुला नको असलेल्या वह्या आहेत का गं? मला चालतील." तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं तेव्हा तिने पिशवीभर वह्या आणून दिल्या. त्यातला एखादा प्रश्न घेऊन तो तिच्याकडे जायचा आणि हे असं का, ते तसं का, असं विचारत राहायचा. महिनाभरात ती स्वतःच जुनं पुस्तक उघडून बसायला लागली. "तुमच्या भावाने माझी झोप उडवलीय," ती मला म्हणाली. पण ती चार वर्षं फुकट गेली, असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

दादा सकाळी सहाला उठून ऑफिसच्या आधी दोन तास अभ्यास करायचा. गणित त्याला गोड लागलं, भौतिकशास्त्र परवडलं, पण रसायनशास्त्राने त्याच्या नाकी नऊ आणले. आई समोर बसून प्रश्न विचारायची. तिला स्वतःला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पुस्तकात बोट ठेवून ती त्याचं उत्तर अक्षराअक्षराने जुळवून बघायची. "हे 'चार' तू मोठं लिहिलंस, पुस्तकात बारीक आहे, खाली," असं म्हणायची, आणि तिचं बरोबर असायचं.

निकाल लागला तेव्हा सगळे ऑफिसात होते. गणितात ब्याण्णव. रसायनशास्त्रात नापास, सहा गुण कमी. कुणीतरी लांबूनच विचारलं, "काय झालं हो?" मला वाटलं, आता हा बाहेर निघून जाईल. तो खुर्ची फिरवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रसायनशास्त्र राहिलं. पुन्हा बसतोय." आणि खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. त्याचे कान मात्र लाल झाले होते, ते मला मागून दिसत होते.

घरी आई म्हणाली, "पुरे झालं रे आता. नोकरी आहे, मान आहे. कशाला हा त्रास?"

"सहा गुणांसाठी शाळा दुसऱ्यांदा सोडू?" तो म्हणाला. आईने मुकाट्याने पुस्तक ओढून घेतलं आणि पहिला धडा काढला. त्या वेळी सोडू नको म्हणायचं राहून गेलं होतं. ते तिला आठवलं असावं, असं मला वाटलं.

फेरपरीक्षेच्या सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. केंद्र एका मुलींच्या शाळेत होतं. फाटकाबाहेर आईबाप उभे होते. कुणी छत्री उघडलेली, कुणी वर्तमानपत्राने वारा घेत होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचं कोण बसलंय?"

"आमचा थोरला," मी म्हणाले. त्यांनी माझ्या वयाकडे बघून काहीतरी ताळा लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

घंटा झाली तशी पोरंपोरी लोंढ्याने बाहेर पडली. उत्तरं जुळवत, ओरडत, एकमेकांना ढकलत. दादा त्यांच्यामागून सावकाश आला. दोन्ही कानांशी केस पिकलेले, खिशाला पेन, हातात कागद लावायचं पुठ्ठ्याचं पॅड. फाटकातच एका गृहस्थाने त्याला अडवलं. चेहरा काळजीने उतरलेला होता.

"सर, जरा थांबा. पेपर फार अवघड काढला होता का? मुलांना वेळ पुरला का?"

दादा थांबला. "मी सर नाही," तो म्हणाला. "मी परीक्षेला बसलो होतो."

त्या गृहस्थांनी त्याच्याकडे आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग एकदम ओशाळले. "माफ करा हं. मला वाटलं..."

"अहो, माफी कसली? पाचवा प्रश्न लांबलचक होता. पण शांतपणे वाचला की सुटतो. मी पूर्ण लिहिलाय."

"माझी मुलगी घाबरट आहे हो. दुसऱ्यांदा बसलीय."

"मीपण," दादा म्हणाला.

ऑफिसातून अर्ध्या दिवसाचीच रजा घेतली होती. मी रस्त्याकडे हात करून त्याला चल म्हणून खुणावलं. त्याने मान हलवून मला थांबायला सांगितलं. पॅड काखेत धरून, शाईची बोटं रुमालाला पुसत तो त्या गृहस्थांच्या शेजारी फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. त्यांची मुलगी अजून बाहेर यायची होती.