जावयाच्या ताटातलं पोळं

अंजनाचा राग कसला, तर नाकाच्या शेंड्यावर पापड भाजून घ्यावा असला. त्या दिवशी तर येडगावच्या धरणाचं पाणी कोमट झालं व्हतं. खोटं वाटंल त्यानं धरणातल्या माशांना इचारावं.

झालं आसं. गेल्या साली पाऊस उघडल्यावर जुन्नरच्या गुलशननं तिला सातेरी मधमाश्यांची एक पेटी दिली. पण गुलशनची शिकवणी लई कडक. साखरपाणी पाजायचं न्हाई. औषध मारायचं न्हाई. पेटीला शेणामातीचा लेप द्यायचा आन् उगं झाकण उचकून बघायचं न्हाई.

"तुज्या घरात कुणी सारखं डोकावलं तर चालंल का गं तुला?" गुलशन इचारायची.

मग अंजना लांब बसून बघाय शिकली. पाऊस सरता तिळाची फुलं, थंडीत कांद्याच्या बियाणाचे पांढरे गोंडे, उन्हाळ्यात जांभळीचा फुलोरा. माशीच्या पायाला लागलेल्या रंगावरनं ती सांगायची, ही बया कुणाच्या रानातनं आली. पेटी जड झाली, पण बोटभर मध काय तिला चाटाय मिळाला न्हाई.

"पावसात फूल न्हाई. आत्ताचा मध त्यांचा," गुलशन म्हणायची. "दिवाळीला उरंल ते तुजं."

औंदा पडला अधिक महिना, धोंड्याचा. पाऊस तोंडावर, आन् लोणीहून लेक स्नेहा नवऱ्याला घिऊन जेवाय आली. धोंड्याला जावई म्हंजे नारायण, त्यो मागंल ते सासूनं द्यायचं. अंजनाच्या नवऱ्यानं, सावळेरामनं, चांदीची अंगठी आणून ठिवली व्हती.

जावई म्हणला, "अंगठी ऱ्हाऊ द्या, मामी. पेटीतला मध काढा."

"दिवाळीला या. आत्ता काढला तर उपाशी मरत्याल."

"कोण, मी?"

"माश्या!"

"आगं, दे की," सावळेराम म्हणला. "नारायण मागतोय."

"नारायण असंल तर त्याला ठावं असंल, आखाडात फुलं कुठं असत्यात!"

ती पुरणाचे धोंडे बघाय चुलीकडं वळली, तवर ह्यो नारायण विळा घिऊन पेटीकडं. झाकण उचकलं आन् खसकन पोळं कापलं! मग माश्यांनी असा परसाद दिला की नाक गुडघ्यायेवढं झालं, ओठ हनुवटीखाली लोंबाय लागला आन् एका कानाची तर पुरीच फुगली. तरी गड्यानं पोळं सोडलं न्हाई. तसाच येऊन पाटावर बसला आन् ताटात अनारशांशेजारी ते ठिवलं.

"आता खाऊ दे त्यांला," सावळेराम म्हणला. "कापलेलं काय परत चिकटतंय व्हय?"

अंजनानं जावयाम्होरलं ताट उचललं. धोंड्याच्या महिन्यात, जावयाचं ताट! सावळेरामनं डोळंच मिटून घेतलं. स्नेहा "आये!" म्हणून वरडली आन् लगेच केळीचं सोपट आणाय पळाली.

मायलेकींनी पोळं परत पेटीतल्या लाकडी चौकटीत धरलं आन् सोपटानं बांधाय घेतलं; बांधून दिलं की माश्या आपल्या मेणानं ते सांधत्यात. माश्यांनी अंजनालाबी सोडलं न्हाई. त्यांला काय ठावं, चोर कोण आन् सासू कोण?

"डसा बायांनो, डसा," ती म्हणली. "घर फोडलं आमच्या माणसानं, तुमी काय गप बसाल व्हय?"

मागनं जावई आला. सुजल्या तोंडानं म्हणला, "मामी, मी उपाशी चाललो! जिथं मान न्हाई तिथं जेवायचं न्हाई!"

"जावा की! लोणीपतूर वाटंनं हाटेलंच हाटेलं हायत. ह्यांना पावसाचे चार महिने एक तरी हाय का?"

जावयानं तणतणत मोटारसायकल गाठली. पण तवर डोळं दोन्ही सुजून मिटलेलं, किल्ली कुठं घालायची तेच दिसंना.

"स्नेहे, चल! गाडी तूच चालव!"

"थांबा," स्नेहा म्हणली. "आजून एक गाठ मारायची हाय."