नळीची रुंदी
"हनुवटी पुढे घे. पट्टी दातांत धर. आता गिळू नकोस," लेकीने सांगितलं आणि ती काचेमागे गेली.

क्ष-किरणांचं यंत्र आईच्या डोक्याभोवती एक फेरी मारून थांबलं.

"झाली प्रदक्षिणा? पावला का देव?" आईने आतून विचारलं. बसवलेला नवा दात हसण्यात बेमालूम मिसळून गेला होता.

तो बसवल्यापासून दातांमागे जीभ टेकली की नाही, हेच आईला कळत नव्हतं. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम तिने थांबवलं होतं. घसा बसलाय, असं ती सगळ्यांना सांगायची.

पडद्यावर टाळूचं हाड आलं. समोरच्या दातांमागून नाकाकडे चढणारी बारीक नळी आणि तिच्यातून जाणारी, टाळूला स्पर्श कळवणारी नस. नव्या दाताचा स्क्रू हाडात बसवण्यापूर्वी ही नळी लेकीनेच मोजली होती, पण फक्त खालच्या तोंडापाशी. तिथे ती अरुंद होती. 'जागा भरपूर', असं तिने दंतवैद्याला कळवलं होतं. बाकी सगळ्यांची नळी ती खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची. त्या दिवशी आई पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. घरचंच माणूस, म्हणून एकावर भागवलं.

तिने जुनं चित्र उघडलं आणि छेद वर सरकवत नेला. मध्यावर नळी फुगली होती. आजच्या चित्रात स्क्रू नेमका तिथेच शिरला होता.

आई खुर्ची ओढून शेजारी बसली.

"दंतवैद्य म्हणाले, असं होतं कधी कधी."

"असं होत नाही, आई. मी वर पाहिलंच नाही."

"मग आता?"

"स्क्रू काढता येईल. पण नस परत जागी होईलच, असं नाही."

आईने पडद्यावरच्या स्क्रूला बोट लावलं.

"असू दे गं. चूक कुणाची होत नाही?"

'चूक'मध्ये 'चिमणी'तला च लागला होता. आई थबकली. जीभ चाचपत तिने तो शब्द पुन्हा म्हटला. पुन्हा तोच च.

तिने आईचा हात हातात घेतला.

"माझीच चूक," ती म्हणाली. तिनेही आईसारखाच च लावला.

"चिमणीतला नव्हे गं, चाकातला!" आईने सवयीने टोकलं.

पण आईच्या तोंडून दोन्ही शब्दांतले च एकसारखेच उमटले.