क्रांती हलली नाही

क्रांती माण तालुक्यातल्या एका गावात टपाल वाटते. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी ती गावच्या तलावावर पाखरं मोजायला जाते. धनगराची पोरगी मेंढरं सोडून बदकं मोजते म्हणून लोक हसतात. ती मोजतच राहते.

त्या रविवारी पाण्यावर एकशे चार चक्रवाक बदकं होती. काठच्या चिखलात शेकाटे लांब तांबड्या पायांनी हिंडत किडे टिपत होते. एवढ्यात बांधावर दोन गाड्या थांबल्या. फलटणकडच्या एका ऊस बागायतदाराचा मुलगा ऋषिराज, त्याची होणारी बायको आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी चार माणसं उतरली. ड्रोन घोंघावत वर गेला आणि सगळे चक्रवाक ओरडत उठले. कितीतरी वेळ घिरट्या घालून मग कुठे परत टेकले.

"भारी आलं! अजून एकदा उठवू," फोटोवाला म्हणाला.

क्रांतीने चपला काढल्या आणि सावकाश जाऊन त्या जोडप्याच्या बरोबर मागे, खडकावर बसली.

"ताई, बाजूला व्हा. फोटोत येताय."

"येऊ द्या की."

ऋषिराज तरातरा आला. "पाखरं उडाली तर मरत्यात का?"

"हिमालय ओलांडून आल्यात ती. खायला आल्यात, तुमच्या फोटोत नाचायला न्हाई."

त्याला तिच्या खांद्यावरची टपालाची पिशवी दिसली. "तुझ्या पोस्टात तक्रार करतो!"

"करा. ती चिठ्ठी मीच पोचवीन."

त्याने सरपंचाला फोन लावला. पाच मिनिटांत क्रांतीचा फोन वाजला. तिचे वडील, बिराप्पा.

"पोरी, ऊठ. सरपंचाचा फोन आलता. मोठी माणसं हायती."

"न्हाई उठायची, आबा."

पलीकडे त्यांनी मेंढरांना हाळी दिली. मग बिराप्पा म्हणाले, "मग बस. आईसंगं भाकरी धाडतो."

आई आली. तीही लेकीशेजारी खडकावर टेकली. आता फोटोत दोघी यायला लागल्या. ऊन चढलं, उजेड पांढरा पडला, तेव्हा फोटोवाल्याने ड्रोन पेटीत घातला.

"उद्या येतो," ऋषिराज गाडीतून म्हणाला.

"या की," क्रांती म्हणाली. "उजाडायलाच या. मी असतीया."

गाड्या गेल्या. मग क्रांतीने गळ्यातली दुर्बीण आईच्या डोळ्यांना लावली.

"अगं बया," आई पुटपुटली, "किती केशरी हायती ही पाखरं!"