पिस्तुलाच्या तोंडची टोपी

मित्रांनो, अंगठ्याच्या पेरावर सहज बसेल एवढीशी एक पोलादी टोपी तुमच्याशी बोलते आहे. डोक्यावर घालायची नव्हे हं. नेमबाजीच्या पिस्तुलाची नळी जिथं संपते, तिथं बाहेरून बारीक आटे पाडलेले असतात, बाटलीच्या तोंडाला असतात तसे. ते ठेचू नयेत, त्यांत धूळ बसू नये, म्हणून त्यांच्यावर फिरवून बसवतात ती मी. मधोमध आरपार भोक आहे, गोळी त्यातून निघून जाते. माझं थोडं वजन नळीच्या टोकालाही उपयोगी पडतं, हात कमी डुलतो. आता कडेकडेनं माझा काळा रंग उडाला आहे, म्हणजे मला जुनी म्हणायला हरकत नाही.

मी घडले भोसरीत, इनायतभाईंच्या लेथवर. रावेतच्या एका नेमबाजी क्लबच्या पिस्तुलाची मूळ टोपी हरवली होती. क्लबनं रीतसर परवानगी काढून इनायतभाईंना काम दिलं. पुढं ताब्यात देण्याचे कागद हलेपर्यंत मी त्यांच्या फळीवर पडून होते. वर्कशॉपच्या मागं मारुतीचं देऊळ. लेथ थांबला की तिथलं कीर्तन ऐकू यायचं. बुवा गोष्टीला हात घालायचे, राजा रानात वाट चुकायचा, आणि नेमकं तेव्हाच इनायतभाई मशीन पुन्हा चालू करायचे. कितीतरी राजे माझ्यासाठी अजून रानातच आहेत. पुढं काय झालं असेल, असं का झालं असेल, हे विचारत बसण्याची खोड मला तिथंच लागली.

क्लबमध्ये मी जिच्या हाती आले ती जिकरा, इनायतभाईंचीच लेक. शिकवायला चिमाजीकाका. सैन्यातून निवृत्त झालेले, दिघीला राहायचे आणि कुठंही कीर्तन असलं की टाळ घेऊन हजर. काकांनी जिकराला मोठ्या आवडीनं घडवलं होतं.

आता माझं कोडं सांगते. मला कितीही घट्ट बसवा, मी हळूहळू सैल होते. मला सैल व्हायची हौस नाही. मग का होते? एकदा जिकरानंही हेच विचारलं.

काका म्हणाले, "प्रत्येक गोळीला नळी हादरती. वर तापती, निवती. त्यात आट्यांवर तेल राहिलं तर घसरायला वाटच मिळती. सैन्यात अशाच आट्यांवर आवाज दाबणारं लांब नळकांडं बसवतात. ते ढिलं राहिलं तर वाकडं होतं, आन् गोळी आतल्या आत त्याला घासती. तुझी टोपी बरी, भोक मोठं हाय. पर ढिली राहिली तर नेम भटकतो."

उपाय सोपे होते. आधी पिस्तूल रिकामं आहे याची खात्री. आटे कोरडे पुसायचे. टोपीच्या बुडाशी रबराची बारीक रिंग नीट बसली आहे ना, ते पाहायचं. मग बोटांनी बुडापर्यंत घट्ट. पकड लावायची नाही, आटे मरतात.

तिथं भाग्यश्री नावाची मुलगीही सरावाला यायची. सकाळी चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या लाइनवर, दुपारी रेंजवर. ती म्हणाली, "आमच्याकडं नट आवळला की त्याच्यावरून खाली बॉडीवर पिवळी रेघ ओढतात. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. थांब, मार्कर आहे माझ्याकडं." तिनं मला घट्ट बसवलं आणि माझ्या अंगावरून नळीपर्यंत रेघ ओढली. सगळे खूश. मीही. कुणी गंध लावावं तसं वाटलं.

पुढं निवडचाचणी ठरली. जिल्ह्याच्या संघात नाव आलं नाही तर जिकरानं चाकणच्या त्याच कंपनीत मिळेल ती शिफ्ट धरायची आणि पिस्तूल ठेवून द्यायचं, असं बापलेकीत बोलणं झालं होतं. घरी त्यावर भांडण नव्हतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी दिघीत सप्ताहातलं कीर्तन होतं. काकांना वेळेवर पोचायचं होतं. त्यांनी भराभर पिस्तुलं तपासली. मी सैल होऊन अर्ध्या फेऱ्याच्याही पुढं गेले होते. आवळायच्या बाजूनं फिरवायचं तर रेघ लांब पडत होती, उलट बाजूनं जवळ. काकांनी मला जवळच्या बाजूनं फिरवलं, रेघेला रेघ मिळाली, आणि ते टाळ उचलून निघाले. मित्रांनो, रेघ जुळली, पण मी बसले नव्हते. उलट पूर्ण एक फेरा बाहेर आले होते. ओरडून सांगावं, तर मला तोंड आहे ते नुसतं आरपार.

दुसऱ्या दिवशी जिकराचे नेम विखरायला लागले. एक वर, एक डावीकडं. मागं इनायतभाई रुमाल हातात धरून बसलेले. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात काका जवळ आले.

"मनगट ढिलं पडतंय तुझं."

"काका, मनगट माझं आहे. मला कळतं ते."

"मग काय पिस्तुलाचं चुकतंय? नेम चुकला की समदे हेच सांगत्यात पोरी."

"टोपी बघू का?"

"रेघ बघ की. जुळलीय. काल मीच बघितली."

जिकरानं रेघेकडं पाहिलं. खरंच जुळली होती. तरी तिनं हात वर केला. रेंजवरचे अधिकारी आले. त्यांच्यासमोर तिनं पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि दोन बोटांनी मला धरलं. मी फिरले, अगदी अलगद.

तिनं ओढणीच्या टोकानं आटे पुसले, रबराची रिंग चाचपली आणि मला आवळत नेलं. बुडाशी टेकले तेव्हा पुन्हा रेघेला रेघ. दिसायला काहीसुद्धा बदललं नव्हतं.

त्यानंतरच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. पण आधी गेलेले गुण परत कुठून येणार? यादी लागली तेव्हा जिकराचं नाव राखीव खेळाडूंत होतं.

काका तिच्यासमोर उभे राहिले. "काल बुवा हेच सांगत व्हते बघ. टिळा बघून माणसाला भक्त म्हणू नका, आत काय हाय ते बघा. आन् मी तिथं मान हलवून टाळ वाजवत व्हतो."

जिकरा हसली. "ताल तरी चुकला नाही ना?"

"ताल न्हाई चुकला. तुझी निवड चुकवली."

"राखीव आहे काका. बाहेर नाही."

इनायतभाईंनी रुमाल खिशात घातला. "कंपनीत काय सांगू, बेटा?"

"भाग्यश्रीसारखी सकाळची शिफ्ट असेल तर येते म्हणावं, अब्बा. दुपारी मला इथं यायचंय."

"मग तसंच सांगतो," इनायतभाई म्हणाले.

मित्रांनो, मी सैल का होते, ते मला आता कळलं आहे. जे काम करतं ते हादरतं, तापतं, आणि हादरणारं सगळं कधी ना कधी सैल होतं. त्यात माझा दोष नाही आणि नळीचाही नाही. तुमच्या सायकलचं चाक, छताचा पंखा, आणि रोज दमून घरी येऊन "मी बरी आहे" म्हणणारी तुमची आईसुद्धा, वरून पाहिलं तर सगळ्यांची रेघ जुळलेलीच दिसेल. तेवढ्यावर निघून जाऊ नका. जवळ जा, आणि एकदा हात लावून पाहा.