घंटा झाली तेव्हा

खडूने पांढरी पडलेली पर्सची चेन.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात.

सताड उघडं फाटक, आणि आत पाऊल टाकायला कोणी तयार नाही.

शाळेत तीन वर्षं झाली, तरी सगळे त्यांना नव्या बाईच म्हणत.

अभ्यासक्रम बदलला होता. तो शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, फुकटात शिकून घ्यावा असा फतवा निघाला. आज त्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस. सगळ्यांनी ठरवलं, फाटकाबाहेर उभं राहायचं, आत जायचं नाही. ठरवायला त्यांचं काय जात होतं? सगळे कायम. नव्या बाई तेवढ्या कंत्राटावर, आणि ते कंत्राट मुख्याध्यापकांच्या सहीवर लटकलेलं. मुख्याध्यापक वरच्या व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे होते. कोण कुठे आहे, बघत.

नव्या बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. नवऱ्याने बजावलं होतं, दुसऱ्यांच्या भांडणात आपण हात भाजून घ्यायचे नाहीत.

तेवढ्यात घंटा झाली.

गप्पा अर्ध्यावर तुटल्या. चित्रकलेच्या बाईंनी पदर सारखा केला, भूमितीच्या सरांनी वर्तमानपत्र काखेत मारलं, आणि सगळी फौज फाटकातून आत चालू लागली. मैदानाच्या मध्यावर सर थबकले.

"अहो, आपण निघालो कुठे?"

हशा पिकला. मग एकेकाने मागे वळून पाहिलं. फाटकाबाहेर एकट्या नव्या बाई उभ्या होत्या. पायांचं लाकूड झालेलं.

"नव्या बाई," वरून आवाज आला, अगदी मऊ, "सगळे आत आले. तुम्हीच तेवढ्या बाहेर?"

त्यांना म्हणायचं होतं, येते सर.

भूमितीचे सर ओशाळून परत आले, मागोमाग बाकीचे. सर शेजारी उभे राहत म्हणाले, "आम्ही घाण्याचे बैल निघालो हो. खरी छाती तुमची."

नव्या बाईंनी फाटकाचा गज घट्ट धरला. तो सोडला असता तर त्या खाली बसल्या असत्या. मुख्याध्यापकांनी इतर कोणाकडे पाहिलंच नाही. फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी घरातून त्या प्रशिक्षणालाच निघाल्या होत्या.