भावाच्या पुस्तकावर

त्या काळी जहाजावर चढायला खलाशाचं नोंदणीपुस्तक लागायचं, आणि घरात एकच पुस्तक असलं तर भाऊ भावाच्या पुस्तकावर खुशाल निघून जायचा. भट्टीत कोळसा टाकायला हात हवे असत, चेहरा कोण बघतो? आक्काचे वडील असेच थोरल्या भावाच्या नावाने युद्धात गेले आणि जहाजासकट बुडाले. काका घरीच राहिला, ऐंशी वर्षं जगला, आणि त्या जहाजातून आपण कसे पोहत सुटलो ते जेवताना रंगवून सांगत राहिला. छप्पर त्याचं होतं, म्हणून आक्काची आई मुकाट्याने वाढत राहिली.

आता बंदरावर बुडालेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता. कंपनीच्या कागदात काका बुडालेला, म्हणून यादीत नाव काकाचं.

आक्का दप्तरखान्यात गेली. कारकुनाने आधी तिला झुरळासारखं झटकलं. कागद माणसांप्रमाणे नाहीत, जहाजांप्रमाणे लावलेत, म्हणाला. आक्काने जहाजाचं नाव सांगितलं आणि तीन आठवडे धूळ खाल्ली. शेवटी भरतीचा कागद सापडला. काकाच्या नावापुढे अंगठा, आणि शेरा: डावा नाही, उजवा घेतला. डावा अंगठा वडिलांचा लहानपणीच चरकात गेलेला. काकाचे दोन्ही शाबूत होते, मिशीला पीळ द्यायला.

कारकुनाला पटलं, पण नाव बदलायला काकाच्या वारसाची सही हवी होती. वारस म्हणजे चुलतभाऊ बापू. तो आला तोच फणफणत.

"माझ्या बापाला खोटा ठरवायला निघालीस, आक्का? तुझ्या आईने वीस वर्षं आमचं खाल्लं, तेव्हा कुठे होता हा अंगठा?"

"तिचे दोन्ही अंगठे तुमची भांडी घासत होते," आक्का म्हणाली. "सही कर."

बापूने पेन टेबलावर आपटलं. दगडावर त्याच्याच बापाचं नाव येणार आणि पहिलं फूल तोच वाहणार, असं त्याने कारकुनालाही ऐकवलं.

आक्काने मग कारकुनाला विचारलं, अंथरुणात मेलेला माणूस या यादीत चालतो का. चालत नाही, म्हणाला. तिने पिशवीतून काकाच्या मृत्यूचा दाखला काढला. कारकून चपापला. हरकत घेतली की नाव उडेल, पण त्या जागी तुमच्या वडिलांचं येणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

बापूचा आवाज एकदम खाली आला. "आक्का, असं केलंस तर तुझ्या वडिलांचं काहीच उरणार नाही. निदान ज्या नावाने ते जहाजावर गेले, ते तरी राहू दे."

"तुझ्या बापाचं नाव पुसायला मी माझ्या बापाची जागा देतेय," आक्का म्हणाली. "महाग पडलं मला, पण घेतलं."

कारकुनाने हरकतीचा अर्ज पुढे सरकवला. पूर्ण नाव लिहा, नवऱ्याचं घालून, म्हणाला. साठ वर्षं लावलेलं नवऱ्याचं नाव बाजूला ठेवून आक्काने स्वतःच्या नावापुढे बापाचं लिहिलं, सावकाश, ठळक, आणि शाई वाळेपर्यंत कागद बापूसमोर धरून ठेवला.